बंद करण्याचा इतिहास

आमच्या शाळेच्या इतिहासात सगळी थोर मंडळी नुसती निघत. राइट बंधू उडाले, १७ डिसेंबर १९०३. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, १५ ऑक्टोबर १९३२, आणि जुहूला उतरले. उतरल्यावर इंजिन बंद कसं केलं, हे सरांनी दोन मार्कांनासुद्धा कधी विचारलं नाही. त्यामुळे विमानही आमच्या स्कूटरसारखंच बटण दाबलं की गप्प होतं, या समजुतीत मी साठी गाठली.

परवा भाचा त्याच्या फ्लाइंग क्लबात घेऊन गेला. चिमुकलं सेसना. फोटोसाठी मी ऐटीत पंख्याच्या पात्यावर हात ठेवला, तर भाचा केवढ्यांदा ओरडला, "मामा, हात काढ!"

"अरे, बंद आहे ना?"

"बंद आहे असं धरायचंच नाही कधी."

मग उलगडा झाला. या इंजिनांना ठिणगी देतो मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही, पंखा फिरला की पुरे. स्विच बंद करणं म्हणजे मॅग्नेटोची वायर अर्थ करणं. ती वायरच तुटली, तर स्विच बंद आणि मॅग्नेटो टक्क जागा! त्यात सिलिंडरात पेट्रोल उरलेलं असलं, की पातं हाताने जरा हलवायचा अवकाश, इंजिन धडाडतं. हात जातो. म्हणून आधी हजारेक फेऱ्यांवर इंजिन निवू द्यायचं, रेडिओ वगैरे बंद करायचे आणि लाल मूठ ओढून पेट्रोलच तोडायचं. विझताना समई मोठी होते ना, तसं इंजिन किंचित उसळतं आणि उपाशी मरतं. मग मॅग्नेटो, मग मास्टर स्विच, किल्ली खिशात.

मला आई आठवली. तीही आधी गॅसचा रेग्युलेटर बंद करी. नळीतला गॅस जळून ज्योत गेली की मग शेगडीचं बटण. आम्ही हसायचो.

गंमत म्हणजे राइट बंधूंचीही हीच रीत. त्यांच्या एकाच दांडीने पेट्रोल तुटायचं आणि स्टॉपवॉचही थांबायचं. पुढचे लोक जास्त शहाणे! पहिल्या महायुद्धातल्या नोम इंजिनाचा वैमानिक उतरताना बटण दाबून ठिणगी तोडी, पेट्रोल वाहतच राही. ते झाकणाखाली साचायचं आणि बटण सोडताच कधीकधी पेटायचं. १९३१ साली आलेलं टायगर मॉथही स्विच बंद करूनच थांबवत. त्याचा पंखा सुरू करताना हाताने फिरवायचा. फिरवणारा ओरडे, "स्विच बंद?" वरून उत्तर येई, "बंद!" त्या एका शब्दावर आणि एका वायरीवर बिचाऱ्याचा हात.

आमच्या स्कूटरची अशीच वायर एकदा तुटली होती. पेट्रोलचा कॉक बंद करून मी ती कधी मरते याची वाट पाहत उभा, आणि अख्खी चाळ गॅलरीत!

फोटो शेवटी निघाला. मी विमानापासून चार हात लांब, हात पाठीशी बांधून. बायको म्हणते, विमान शेजाऱ्यांचं वाटतं.