शिवराई : प्रत्येक नाणे शिवकाळातले नसते

सातारा-सांगलीकडे कुणाच्या देवघरात तांब्याची शिवराई निघाली, की ती थेट शिवकाळातली मानली जाते आणि त्याच समजुतीने विकतही घेतली जाते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचा ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हा मजकूर सातारच्या गादीच्या आणि पेशवाईच्या काळातही नाण्यांवर तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकापर्यंत शिवराई चलनात होती. म्हणूनच आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया उत्तरकालीन असतात. ओळींमध्ये दोन समांतर रेषा असलेली ‘दुदांडी’ तर बरीच उशिराची.

नव्या संग्राहकाने किंमत ठरवण्याआधी अक्षरांचे वळण पाहावे. चिंच लावून नाणे घासू मात्र नये. काळवंडलेल्या थराबरोबर पुरावाही जातो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.