दोन पेशे, एक माणूस : एका खेळाच्या नियमांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्यात, ते मला इथून दिसतंय. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस खेळावर काय बोलणार? पण प्रश्न जुनाच आहे. माणसाने एकच काम करावं की अनेक? प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये सांगितलं की ज्याने त्याने आपलं एकच काम करावं, नगराचा न्याय त्यातच आहे. हाच प्रश्न एका खेळाने गेली पन्नास वर्षं नियमांच्या भाषेत पुन्हा पुन्हा सोडवून पाहिला आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण निवेदक होतो आणि फासे टाकत सगळे मिळून एक साहस खेळतात. पात्राला पेशा असतो, त्याला ते ‘क्लास’ म्हणतात. सुरुवातीला पेशे तीनच होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा, थोडंफार लढूही शकणारा पुरोहित. १९७५ मध्ये चोर आला. आता बघा, योद्धा आघाडीवर, जादूगार मागे, क्लेरिक जखमींकडे, चोर कुलपं आणि सापळ्यांकडे. प्रत्येक जण अपुरा, म्हणून तर चमू हवा!

पण पहिल्याच पुस्तकात एक अपवाद होता, एल्फ. त्याला एका साहसात योद्धा आणि पुढच्या साहसात जादूगार होता येई. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये या अपवादाची रीतसर व्यवस्था झाली. एल्फ, ड्वार्फ वगैरे मानवेतर पात्रांना एकाच वेळी दोन-तीन पेशे चालवता येत, मात्र मिळालेले अनुभवगुण त्यांत समान वाटले जात. माणसाला ही मुभा नव्हती. त्याला जुना पेशा थांबवून नवा पहिलीपासून सुरू करावा लागे, आणि मधल्या काळात जुनी विद्या वापरली तर अनुभवगुणांना कात्री लागे.

वाटणी म्हणजे निम्मी ताकद, असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं बरं का! त्या तक्त्यांत सुरुवातीच्या पातळ्यांना लागणारे गुण दर पातळीला साधारण दुप्पट होत जात. ४०,००० गुण मिळवलेला निव्वळ योद्धा सहाव्या पातळीवर असे. तेवढेच गुण निम्मे निम्मे वाटणारा एल्फ पाचव्या पातळीचा योद्धा आणि शिवाय चौथ्या पातळीचा जादूगार! मग तोल सांभाळायला मानवेतरांच्या बहुतेक पेशांत पातळीची कमाल मर्यादा घातलेली होती.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि दार सताड उघडलं. कुणीही, दर पातळीला, कुठलाही पेशा घ्यावा. पण आता पातळ्यांची बेरीज होऊ लागली. सहाव्या पातळीचं पात्र म्हणजे तीन पातळ्या योद्धा आणि तीन जादूगार. निव्वळ जादूगाराला पाचव्या पातळीवर ‘फायरबॉल’ मिळतो, याला सहावीतही नाही. आपल्याकडे म्हणतातच, एक ना धड भाराभर चिंध्या. स्वातंत्र्य वाढलं, तशी किंमतही वाढली.

ही किंमत मोजतं कोण? निवड एकाची असते, पण संकटात ‘फायरबॉल’ नसल्याचा फटका चौघांना बसतो. इथे खेळ नीतिशास्त्रात शिरतो. दुसऱ्या टोकाला आहे क्लेरिक. ‘कुणीतरी क्लेरिक व्हायलाच हवं’ असं म्हणून एखाद्याच्या गळ्यात ते काम बांधलं जाई. तोल राखण्यासाठी एकाची हौस मारायची का? नियमकर्त्यांना ही अडचण कळली होती. तिसऱ्या आवृत्तीत क्लेरिकला आधी तयार केलेला दुसरा मंत्र ऐनवेळी उपचाराच्या मंत्रात बदलता येऊ लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने चमूतल्या चार भूमिकांना उघड नावं दिली, पण त्याच वेळी प्रत्येकाला स्वतःच्या जखमा काही प्रमाणात भरून काढण्याची सोय दिली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक पेशे घेण्याचा नियम ऐच्छिक ठरला. टेबलावर ठरवायचं, चालेल की नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं. पाच जण खेळत असतील तर प्रत्येकाने एकेक काम नीट करणं बरं. पण दोघेच असतील तर? तेव्हा योद्ध्याने थोडे उपचार शिकणं ही चैन नाही, ती सोबत्याची गरज असते. प्लेटोच्या नगरात प्रत्येक कामाला माणूस आहे, आपल्या घरांत आणि संस्थांत तो नेहमी नसतो. म्हणून किती पेशे घ्यावेत, याचं उत्तर पात्राच्या कागदावर सापडत नाही. शेजारी कोण बसलंय आणि त्याला काय करायची हौस आहे, हे आधी विचारावं लागतं. खेळाला ते नियमात आणायला चाळीस वर्षं लागली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.