मागची दोन चाकं किती बांधायची? डिफरेन्शियलची गोष्ट

"ड्रिफ्टसाठी मागे कुठला डिफ टाकू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "याच गाडीने सोमवारी ऑफिसला पण जाणार आहेस का?" असं का विचारतो, ते कळायला दोनशे वर्षं मागे जाऊया.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर टायर घासणारच. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तोडगा काढला: इंजिन दोन्ही चाकं फिरवेल, पण प्रत्येक चाक आपापल्या वेगाने फिरेल. हाच आपला ओपन डिफ.

पण यात एक बग राहिला. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच नाही! १९३०च्या दशकात जर्मनीत ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या रेसकारचं एक मागचं चाक ताशी १६० किमीपर्यंत नुसतंच गरगरायचं. फर्डिनांड पोर्श यांनी १९३५ मध्ये हे काम झेडएफ कंपनीकडे दिलं. तिथून लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एलएसडी, रेसिंगमध्ये आला.

मग जपान. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी ट्रॅकवर गाडी आडवी घालून वळणं घ्यायचे. त्यांना पाहून केइची त्सुचियाने घाटरस्त्यांवर टोयोटा एई८६ घेऊन तेच केलं. २००१ पासून डी-वन ग्रां प्री सुरू झाली. ड्रिफ्टमध्ये दोन्ही चाकं एकत्र घसरायला हवीत. एकच घसरलं तर गाडी आडवी टिकत नाही.

म्हणून ड्रिफ्टवाले क्लच प्लेटचा टू-वे एलएसडी घेतात. तो अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरही लॉक होतो आणि सोडल्यावरही. वन-वे फक्त दाबल्यावर, आणि दीड-वे सोडल्यावर जरा कमी. प्लेट झिजतात, ऑइल वेळेवर बदलावं लागतं, आणि पार्किंगमध्ये वळताना कटकट आवाज येतो. रोजच्या गाडीला हेलिकल बरा: गिअरवर चालतो, शांत असतो. फक्त एक चाक हवेत गेलं की तो ओपनसारखाच वागतो.

आणि वेल्डिंग? सगळ्यात स्वस्त, म्हणून रील्समध्ये लाडका. पण वेल्ड केलेला डिफ म्हणजे पेकरच्या आधीचा काळ. प्रत्येक वळणावर टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो, आणि पावसात ओल्या रस्त्यावर मागची बाजू कधी सटकेल याचा नेम नाही. ट्रॅकपुरत्या गाडीत ठीक आहे. पण ज्या गाडीत मागच्या सीटवर आई बसते, तिच्यात नको.

थोडक्यात, आधी गाडीचं काम ठरवा, मग डिफ. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!