तबकडीवरील जुन्या व्हिडिओ गेमची बॅकअप प्रत

तबकडीवरील जुन्या व्हिडिओ गेमची बॅकअप प्रत म्हणजे सीडी, डीव्हीडी किंवा तत्सम प्रकाशीय तबकडीवर विकल्या गेलेल्या जुन्या खेळातील संपूर्ण माहितीची, मूळ तबकडी निकामी झाल्यास उपयोगी पडावी म्हणून काढून ठेवलेली प्रतिलिपी होय. ही प्रत बहुधा संगणकावरील फाइलच्या स्वरूपात असते व तिला ‘डिस्क इमेज’ असे म्हणतात. इ.स. १९८८ ते २००० च्या दशकाच्या आरंभापर्यंतचे अनेक खेळ आज बाजारात नव्याने मिळत नाहीत. त्यांच्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत. परंतु तबकडी आणि ती वाचणारे यंत्र ही दोन्ही कालांतराने झिजतात. त्यामुळे बॅकअप प्रत हा संग्राहकाच्या सोयीचा विषय तर आहेच, शिवाय खेळांच्या इतिहासाच्या जतनाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. खेळ सुरू होतो एवढ्यावरून प्रत अचूक आहे असे मात्र ठरत नाही.

पार्श्वभूमी

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी इ.स. १९८२ मध्ये संगीतासाठी बाजारात आली. डिसेंबर १९८८ मध्ये एनईसी कंपनीने जपानमध्ये पीसी इंजिन या कन्सोलसाठी सीडी-रॉम वाचणारे जोडयंत्र आणले आणि घरगुती खेळांत तबकडीचा प्रवेश झाला. त्यानंतर सेगाचे मेगा-सीडी (१९९१), सेगाचे सॅटर्न व सोनीचे प्लेस्टेशन (दोन्ही १९९४), सेगाचे ड्रीमकास्ट (१९९८), सोनीचे प्लेस्टेशन २ (२०००) आणि निन्टेंडोचे गेमक्यूब (२००१) ही तबकडीवर चालणारी यंत्रे प्रथम जपानमध्ये प्रसिद्ध झाली.

कार्ट्रिजच्या तुलनेत तबकडी स्वस्त होती व तिच्यावर सुमारे ६५० एमबी माहिती मावत असे. त्यामुळे ध्वनिमुद्रित संगीत, संवाद व चित्रफिती खेळांत आल्या. काही खेळांच्या प्रती मात्र मोजक्याच छापल्या गेल्या. सॅटर्नवरील ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ (१९९८) हा चार तबकड्यांचा खेळ याचे ठळक उदाहरण आहे. तो पुढे अन्य यंत्रांसाठी पुनःप्रकाशित झाला नाही व आज त्याच्या मूळ संचाला संग्राहक मोठी किंमत मोजतात. अशा खेळाची चारांपैकी एक तबकडी जरी बिघडली, तरी संपूर्ण खेळ अपुरा राहतो.

तबकडीचा ऱ्हास

सीडी १२० मिमी व्यासाची व १.२ मिमी जाडीची असते. तिचा बहुतांश भाग पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा असून त्याच्या वरच्या पृष्ठावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात माहिती उमटवलेली असते. या खळग्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लाखेचा थर आणि त्यावर छापील चित्र असते. म्हणजे माहिती खालच्या चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजूला अधिक जवळ असते. खालच्या बाजूचा उथळ ओरखडा घासून काढता येतो. परंतु छापील बाजूचा ओरखडा ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचला तर तेथील माहिती कायमची जाते.

लाखेचा थर सदोष असल्यास हवा व दमटपणा आत शिरून ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होते. याला ‘डिस्क रॉट’ असे म्हणतात. तबकडी उजेडासमोर धरल्यास आरपार दिसणारे सुईच्या टोकाएवढे ठिपके हे त्याचे एक लक्षण आहे. डीव्हीडी ही ०.६ मिमी जाडीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असल्याने तिच्यात हा जोड सुटण्याचाही धोका असतो.

माहितीची रचना

सीडीवरील माहिती ‘सेक्टर’ नावाच्या तुकड्यांत विभागलेली असते. मूळ वेगाने दर सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात व प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. साध्या डेटा-सेक्टरमध्ये यांपैकी २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीसाठी असून उरलेले बाइट सेक्टरची ओळख, त्रुटी-शोध व त्रुटी-दुरुस्ती यांसाठी असतात. संगीताच्या सेक्टरमध्ये मात्र सर्व २,३५२ बाइट ध्वनीचेच असतात. याशिवाय प्रत्येक सेक्टरबरोबर ‘सबचॅनल’ नावाची पूरक माहिती असते.

या रचनेमुळे फाइल संगणकावर नुसत्या ओढून घेतल्या म्हणजे बॅकअप झाला, असे होत नाही. पीसी इंजिनच्या सीडीवर सामान्यतः पहिला ट्रॅक इशाऱ्याच्या ध्वनीचा, दुसरा डेटाचा व पुढील अनेक ट्रॅक संगीताचे असतात. केवळ डेटा-ट्रॅकची प्रत काढल्यास खेळ सुरू होतो, पण मुका होतो. प्लेस्टेशनच्या खेळांत चित्रफिती व ध्वनी यांसाठी सेक्टरचा असा प्रकार वापरला जातो, ज्यात त्रुटी-दुरुस्तीची जागा वाचवून २,३२४ बाइट माहिती बसवलेली असते. दर सेक्टरमागे २,०४८ बाइटच उचलणाऱ्या आयएसओ पद्धतीच्या प्रतीत हा भाग अपुरा राहतो. म्हणून सीडीवरील खेळांसाठी सर्व २,३५२ बाइट साठवणारी ‘बिन’ फाइल व ट्रॅकांची मांडणी सांगणारी ‘क्यू’ फाइल अशी जोडी वापरली जाते. डीव्हीडीवरील प्लेस्टेशन २ च्या खेळांसाठी आयएसओ फाइल पुरेशी असते.

नक्कल-प्रतिबंधक तंत्रे

खेळांच्या बेकायदा नकला रोखण्यासाठी उत्पादकांनी विविध उपाय योजले. प्लेस्टेशनच्या तबकडीत आरंभीच्या भागातील खोबणीला सूक्ष्म नागमोडी वळण देऊन त्यात विक्री-प्रदेशाचा संकेत भरलेला असतो. कोऱ्या सीडी-आरला तिची स्वतःची खोबण कारखान्यातच पडलेली असल्याने सामान्य सीडी-रायटरला हा संकेत उमटवता येत नाही. या तबकड्यांचा काळा रंग म्हणजेच संरक्षण, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. तो रंग लेसरच्या अवरक्त किरणांना अडवत नाही. सॅटर्नच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला सामान्य रायटरला लिहिता न येणारे खास कडे असते. युरोपात विकल्या गेलेल्या काही प्लेस्टेशन खेळांत ‘लिबक्रिप्ट’ हे तंत्र वापरले असून त्यात ठरावीक सेक्टरांच्या सबचॅनलमध्ये मुद्दाम बदल केलेले असतात. अशा खेळाच्या प्रतीसोबत सबचॅनलची नोंद न ठेवल्यास खेळ मध्येच अडतो.

ड्रीमकास्टसाठी सुमारे १ जीबी क्षमतेची ‘जीडी-रॉम’ ही वेगळी तबकडी वापरली गेली. तिचा अधिक घनतेचा भाग संगणकाच्या साध्या ड्राइव्हला सहसा वाचता येत नाही. म्हणून प्रत काढण्यासाठी ड्रीमकास्ट यंत्राचाच वापर केला जातो. या यंत्राच्या ‘मिल-सीडी’ सुविधेतील पळवाट वापरून इ.स. २००० मध्ये बेकायदा प्रती पसरल्या. मोठे खेळ साध्या सीडीवर बसवण्यासाठी त्यांतील चित्रफिती व ध्वनी संकुचित केले गेले किंवा वगळले गेले. या प्रती चालतात. परंतु मूळ खेळाचे विश्वासार्ह जतन म्हणून त्या ग्राह्य ठरत नाहीत.

प्रत काढण्याची पद्धत

प्रथम तबकडी मऊ, स्वच्छ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसली जाते. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या दिशेनेच जातो व त्रुटी-दुरुस्तीला अधिक जड जातो. त्यानंतर सर्व ट्रॅक त्यांच्या कच्च्या स्वरूपात वाचले जातात. संगीताचे ट्रॅक वाचताना प्रत्येक ड्राइव्ह काही नमुने पुढे किंवा मागे सरकून वाचन सुरू करतो. या फरकाला ‘ऑफसेट’ म्हणतात व तो दुरुस्त करावा लागतो. अन्यथा एकाच तबकडीच्या दोन ड्राइव्हवरील प्रती जुळत नाहीत. या कामासाठी प्लेक्सटर कंपनीच्या जुन्या ड्राइव्हना विशेष मागणी आहे. गेमक्यूबच्या लहान तबकड्या सामान्य ड्राइव्ह वाचत नाहीत. त्यांची प्रत विशिष्ट ड्राइव्हवर किंवा कन्सोलवरच काढली जाते.

एकाच खेळाच्या वेगवेगळ्या छपाईत चुका दुरुस्त केलेल्या किंवा मजकूर बदललेला असू शकतो. म्हणून तबकडीच्या मधल्या छिद्राभोवतीचा कोरीव क्रमांक व वेष्टनावरील क्रमांक नोंदवून ठेवले जातात. वेष्टन, माहितीपुस्तिका व तबकडीची छापील बाजू यांचे स्कॅनही सोबत ठेवण्याची पद्धत आहे.

पडताळणी

प्रत तयार झाल्यावर तिचे ‘हॅश’ मूल्य काढले जाते. सीआरसी-३२, एमडी५ व एसएचए-१ या त्यासाठीच्या प्रचलित पद्धती आहेत. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. तबकडी दोनदा, शक्यतो वेगळ्या ड्राइव्हवर वाचून मूल्ये जुळवली जातात. ‘रीडम्प’ हा स्वयंसेवी प्रकल्प अशा तबकड्यांची हॅश मूल्ये व तपशील यांची सूची राखतो. वेगवेगळ्या व्यक्तींनी आपापल्या तबकडीवरून काढलेल्या प्रतींची मूल्ये सारखी आली, तर ती प्रत निर्दोष असल्याची खात्री बळावते. खेळून पाहण्याने ही खात्री होत नाही, कारण दोष शेवटच्या टप्प्यातील एखाद्या चित्रफितीत दडलेला असू शकतो.

प्रतीचे जतन व वापर

प्रत सीडी-आरवर लिहून ठेवणे हा जुना उपाय आहे. परंतु सीडी-आरमधील माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, व हा थर उष्णता व सूर्यप्रकाशाने खराब होतो. आज बहुधा हार्ड डिस्कवर प्रती ठेवल्या जातात. किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा संगणकक्षेत्रातील सर्वमान्य नियम येथेही पाळला जातो. जागा वाचवण्यासाठी ‘सीएचडी’ हे माहिती न गमावता संकोचन करणारे स्वरूप प्रचलित आहे. डिस्क इमेज संगणकावरील एम्युलेटरवर चालवता येते. किंवा मूळ कन्सोलमध्ये ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड वाचणारे उपकरण बसवूनही वापरता येते. त्यामुळे मूळ तबकडी व लेसर या दोहोंची झीज थांबते.

कायदेशीर बाजू

भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२(१)(एए) नुसार संगणक-प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्या व्यक्तीला, तो नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, मूळ उद्देशाने वापरण्यापुरतीच बॅकअप प्रत काढता येते. हे कलम संगणक-प्रोग्रामबद्दल आहे. खेळातील संगीत, चित्रे व चित्रफिती यांना प्रताधिकाराचे स्वतंत्र संरक्षण असू शकते. इ.स. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए, प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा ठरवते.

अमेरिकेत प्रताधिकार कायद्याचे कलम ११७ प्रोग्रामच्या मालकाला जतनासाठी प्रत काढू देते. मात्र मूळ प्रतीवरील हक्क संपल्यावर ती नष्ट करावी लागते. तांत्रिक संरक्षण भेदण्यावर तेथे इ.स. १९९८ च्या कायद्याने स्वतंत्र बंधने आहेत. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने इ.स. २०१६ मध्ये निर्णय दिला, की मूळ तबकडी हरवली वा खराब झाली तरी तिची बॅकअप प्रत हक्कधारकाच्या अनुमतीशिवाय विकता येत नाही. म्हणजेच प्रत स्वतःच्या वापरासाठी आहे, देवघेवीसाठी नाही, हे तत्त्व या तरतुदींत समान दिसते.

महत्त्व व मर्यादा

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत इ.स. २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतरीत्या उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांपर्यंत दूरस्थपणे पोहोचवता यावेत, ही मागणी तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारण्यात आली. परिणामी अनेक खेळांचे अस्तित्व खासगी संग्रहांतील तबकड्यांवर अवलंबून आहे.

बॅकअप प्रत मूळ तबकडीची जागा घेत नाही. संग्राहकाच्या लेखी मोल असते ते वेष्टन, पुस्तिका व छपाई यांसह असलेल्या मूळ वस्तूला. प्रत केवळ तिच्यातील माहिती वाचवते. परंतु तबकडी एकदा वाचण्यापलीकडे गेली, की सुस्थितीतील मूळ संचातूनही खेळ परत मिळवता येत नाही. म्हणून तबकडी सुवाच्य असतानाच प्रत काढणे आवश्यक मानले जाते.