कृश तरुण कुत्र्याचा वजनवाढीचा आहार

वाढीच्या वयातल्या किंवा नुकतीच वाढ पूर्ण झालेल्या, दिवसभर हुंदडणाऱ्या कुत्र्याचे वजन बांध्याच्या मानाने कमी राहत असेल, तर त्याच्या आहाराची नव्याने आखणी करावी लागते. हा प्रश्न साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात अधिक दिसतो. या काळात हाडे आणि स्नायू भरत असतात, खेळणे-भटकणेही ऐन जोरात असते, आणि खाल्लेले अन्न दोन्हीकडे खर्च होते. अन्न वाढवले की वजन वाढेल, असा सरळ हिशेब घरोघरी मांडला जातो. पण पुष्कळदा ताटलीतले अन्न पुरेसे असते. उणीव असते ती त्यातल्या प्रथिनांची आणि स्निग्धांशाची, किंवा आतड्यातले जंत आपला वाटा आधीच काढून घेत असतात.

ही उणीव कशी राहते, हे चिखलीच्या उदाहरणातून दिसते. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. जुने गावठाण, घरकुल योजनेच्या इमारती, कुदळवाडीत २०२५ पर्यंत असलेली वर्कशॉप आणि भंगाराची दुकाने, तळवडे-चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारी कुटुंबे अशी इथली वस्ती आहे. पाळलेल्या कुत्र्यांत गावठी अधिक, जोडीला लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन. सकाळी दूध-बिस्कीट आणि संध्याकाळी उरलेली भाकरी किंवा चपाती, वर थोडा रस्सा, हा त्यांचा नेहमीचा आहार. जेवणाची वेळ घरातल्या माणसाच्या पाळीवर ठरते. पहिली पाळी असली की कुत्र्याला पहाटे खायला मिळते आणि मग थेट दुपारनंतर. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळेच उलटे होते. कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकांच्या आधाराने राहणारी कुत्री कॅन्टीनच्या उरल्यासुरल्या डाळ-भातावर वाढतात. अशा आहाराने पोट भरते, पण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने त्यात फार कमी असतात.

कृशता ओळखणे : कुत्रा खरोखर कृश आहे की बारीक चणीचा, हे आधी ठरवावे लागते. पशुवैद्यक यासाठी १ ते ९ अशी शरीरस्थितीची श्रेणी वापरतात. ४ आणि ५ या आदर्श श्रेणी, ३ व त्याखालील कृश. तपासणी हातानेच होते. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तशा बरगड्या लागल्या, तर कुत्रा कृश असतो. हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर लागते तशा लागल्या, तर वजन योग्य असते. वरून पाहता कंबर दिसणे आणि बाजूने पाहता पोट मागच्या बाजूला वर ओढलेले असणे ही सुस्थितीची लक्षणे होत. मणके आणि माकडहाडाजवळची हाडे लांबूनच दिसणे, मांड्यांचे मांस उतरणे, केस निस्तेज व राठ होणे ही मात्र कृशतेची खूण होय.

जातीचा विचार इथे टाळता येत नाही. दख्खनच्या पठारावरचा कारवान किंवा मुधोळ हाउंड हा पळण्यासाठीच घडलेला कुत्रा आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत त्याचा समावेश होता. छाती खोल, पोट आत गेलेले, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणाऱ्या, असा हा कुत्रा निरोगीच असतो. गावठी कुत्राही वर्षभराचा होईपर्यंत लांब पायांचा आणि सडसडीत दिसतो. त्याला शेजारच्या लॅब्राडोरइतका भरदार करण्याचा हट्ट त्याच्या सांध्यांच्या मुळावर येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणारे कुत्रे सडपातळ राहिले, त्यांना सांध्यांचे आजार उशिरा झाले, आणि त्यांचे मध्यम आयुष्य सुमारे पावणेदोन वर्षांनी अधिक भरले. म्हणून वजनवाढीचे उद्दिष्ट ४ किंवा ५ ही श्रेणी असावी. त्यापुढे वजन नेण्यात कुत्र्याचे हित नाही.

कारणे : आहार बदलण्याआधी शेणाची, म्हणजे विष्ठेची, तपासणी करून घेणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पाऊल आहे. टॉक्सोकॅरा हा गोल जंत आईच्या पोटातूनच पिलात येतो. अँकायलोस्टोमा हा आकडेजंत दुधातून व कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मोठे पोट, बारीक अंग आणि पांढुरक्या हिरड्या असे पिल्लू दिसले, तर जंतांची शंका आधी घ्यावी. पिलांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध देण्याची पद्धत आहे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाजाने दिलेली अर्धी गोळी बहुधा निरुपयोगी ठरते. टॉक्सोकॅराची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. मुले आणि कुत्री एकाच अंगणात खेळतात अशा वस्तीत हे औषध मुलांच्या आरोग्यासाठीही तितकेच गरजेचे असते.

दुसरे मोठे कारण गोचीड. तपकिरी गोचिडीमार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात शिरतात. ताप येतो-जातो, भूक मंदावते, कुत्रा आठवड्या-आठवड्याने उतरत जातो. याला बोलीत गोचीडताप म्हणतात. तो रक्ततपासणीने कळतो आणि औषधाने बरा होतो. नुसत्या अंड्या-मटणाने बरा होत नाही. तिसरे कारण क्वचित पण लक्षात ठेवण्याजोगे : स्वादुपिंडाचे पाचक रस न तयार होणे. असा कुत्रा अधाशासारखा खातो, तरी वाळतो, आणि त्याची विष्ठा भरपूर, फिकट व तेलकट असते. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष अधिक आढळतो. भंगाराच्या आवारात वाढणाऱ्या तरुण कुत्र्यांच्या बाबतीत शिशाच्या विषबाधेचाही विचार करावा लागतो. जुन्या बॅटऱ्यांचे तुकडे चाटल्या-चघळल्याने भूक जाणे, उलट्या, पोटदुखी आणि झटके येऊ शकतात. पशुवैद्यकाला कुत्रा कुठे राहतो हे सांगितले, तरच ही शंका त्याच्या मनात येते.

ऊर्जेचा हिशेब : विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला दिवसाला लागणारी ऊर्जा काढण्याचे सूत्र असे : किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणावे. १० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ३९५ किलोकॅलरी येते, २० किलोच्या कुत्र्याला ६६०. वजन दुप्पट झाले तरी गरज दुप्पट होत नाही, हे यातून दिसते. आलेल्या आकड्याला चार महिन्यांपर्यंतच्या पिलासाठी ३ ने, त्यापुढील वाढत्या कुत्र्यासाठी २ ने आणि प्रौढ, चपळ कुत्र्यासाठी १.६ ते १.८ ने गुणतात. वजन वाढवायचे असेल, तर सूत्रात सध्याचे वजन न घेता गाठायचे वजन घेतात. कामाचे स्वरूप किती फरक पाडते याचे टोकाचे उदाहरण बर्फाळ प्रदेशातील स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे आहे. लांब शर्यतीत त्यांची दिवसाची गरज १०,००० किलोकॅलरींच्या आसपास जाते आणि ती मुख्यतः चरबीतून भागवली जाते.

सव्वा वर्षाच्या, १४ किलो वजनाच्या आणि १७ किलोपर्यंत न्यायच्या गावठी कुत्र्याचा हिशेब असा होतो. १७ किलोसाठी विश्रांतीची गरज सुमारे ५८५, आणि १.८ ते २ ने गुणल्यावर १०५० ते ११७० किलोकॅलरी. यासाठी एक दिवसाचा शिधा : १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या (सुमारे ४०० किलोकॅलरी), कातडीसह उकडून हाडे काढलेले १५० ग्रॅम चिकन (३४०), दोन उकडलेली अंडी (१४५), २५ ग्रॅम कोंबडीचे काळीज (४०), १०० ग्रॅम दही (६०), थोडा उकडलेला लाल भोपळा (२५) आणि दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप (९०). एकूण ११०० किलोकॅलरी आणि ७० ग्रॅमपेक्षा थोडी जास्त प्रथिने. यात एक चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड मिसळली, की सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. जस्त, आयोडीन आणि ड-जीवनसत्त्व या घरगुती शिध्यात तरीही कमी पडते. ते पशुवैद्यकाने सुचवलेल्या मिश्रणातून द्यावे लागते.

अन्नाची निवड : भाकरीला वजन न वाढण्याचा दोष देणे चुकीचे आहे. हजारो वर्षे माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता आली आहे. स्टार्च फोडणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या त्याच्याकडे लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक प्रती असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. नीट शिजलेली भाकरी, भात, रताळे कुत्र्याला चालते. दोष आहे तो भाकरीसोबत दुसरे काही नसण्याचा. दूध मात्र अनेक मोठ्या कुत्र्यांना बाधते, कारण लॅक्टोज पचवणारे विकर वयाबरोबर घटते. पातळ जुलाब झाले की वजन उलट उतरते. दही बहुतेकांना सोसते. बिस्किटे मैदा, साखर आणि तेलाची असतात. ती भूक मारतात आणि पुढचे जेवण अर्धे राहते.

वजन वाढवताना आकारमान न वाढवता अन्नाची घनता वाढवावी. तरुण कुत्र्याचे पोट एका वेळी ठरावीकच घेते, आणि पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी त्यात पाण्यानेच जागा अडवते. एक ग्रॅम चरबी प्रथिने किंवा पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते, म्हणून थोडे तेल-तूप फार उपयोगी पडते. पण ते चमच्याने आणि हळूहळू वाढवावे, कारण अचानक फार चरबी गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खर्चाच्या दृष्टीने अंडे सगळ्यांत सोयीचे. ते उकडून द्यावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील अ‍ॅव्हिडिन बायोटिन शोषू देत नाही. मटणवाल्याकडची वजडी नीट धुऊन शिजवल्यास चांगले अन्न होते. काळीज पौष्टिक, पण त्यातील अ-जीवनसत्त्वामुळे एकूण आहाराच्या विसाव्या भागापर्यंतच ठेवलेले बरे. नुसते मांसच देणेही घातक आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि वाढत्या कुत्र्याचे पाय वाकतात. शाकाहारी घरांत अंडीही चालत नसतील, तर पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या आणि डाळ यांवर प्रथिनांचा भार टाकता येतो. तिथे पाकिटातल्या संपूर्ण खाद्याची जोड देणे अधिक सुरक्षित ठरते. वाढत्या कुत्र्यांसाठीच्या अशा कोरड्या खाद्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. मोठ्या जातीच्या पिलाला हे खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली देऊ नये. जादा कॅल्शियमने त्याच्या हाडांची घडण बिघडते.

वर्ज्य पदार्थांत या भागात पहिला क्रमांक कांद्याचा. चाकणची कांद्याची बाजारपेठ मोठी, आणि कांदा-लसणाशिवाय इथला रस्सा होत नाही. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतो, आणि रोज थोडा-थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. शिजवल्याने हे विष जात नाही. म्हणून कुत्र्याचे मांस फोडणीआधी बाजूला काढून ठेवावे. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडेही टाळावीत. शिजलेले हाड फुटून त्याच्या अणकुचीदार तुकड्यांनी आतडे फाटते.

देण्याची रीत : सहा महिन्यांखालील पिलाला दिवसातून तीन-चार वेळा, त्यापुढे दोन-तीन वेळा अन्न द्यावे. पाळ्यांच्या घरात वेळ सांभाळण्याची जबाबदारी ज्याची पाळी बदलत नाही अशा एकाकडे सोपवली, तर भूक नियमित होते. नवे अन्न सात ते दहा दिवसांत थोडे-थोडे मिसळत आणावे आणि एकूण प्रमाण एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. दोन कुत्री असतील, तर ताटल्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. दबकणारा कुत्रा बहुधा यामुळेच रोड राहिलेला असतो. कोमट अन्नाचा वास अधिक येतो आणि खाण्यात चोखंदळ असलेला कुत्राही जवळ येतो. एप्रिल-मेच्या उन्हात भूक घटते, त्या दिवसांत मोठे जेवण पहाटे आणि रात्री ठेवतात. धावणे बंद करू नये, स्नायू त्यानेच भरतात. मात्र भागातल्या स्पाइन रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर दुचाकीमागे दौडवणे थांबवावे आणि खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला जेवणानंतर तास-दोन तास पळू देऊ नये, कारण त्याच्या जठराला पीळ पडण्याचा धोका असतो.

दीर्घ उपासमार झालेला, हाडांचा सापळा उरलेला कुत्रा वेगळ्या नियमाने हाताळावा लागतो. त्याला एकदम पोटभर घातले, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येते आणि हृदय बंद पडू शकते. त्याच्या सध्याच्या वजनावरून काढलेल्या विश्रांतीच्या ऊर्जेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करून चार-पाच दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याला मायेपोटी वाटीभर मटण घालण्याने होणारा हा अपाय टाळण्यासारखा आहे. सोसायटीच्या आवारातील भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी रहिवाशांच्या संघटनेवर टाकली आहे.

नोंद व पुढील बदल : वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, जेवणाआधी घ्यावे. भंगाराच्या किंवा धान्याच्या दुकानातला मोठा वजनकाटा यासाठी उत्तम. तो नसेल, तर कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहून स्वतःचे वजन वजा करता येते. दोन-तीन आठवडे अन्न वाढवूनही काटा हलला नाही, जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर आहाराचा प्रयोग थांबवून तपासणी करावी. ४ किंवा ५ श्रेणी गाठल्यावर जादा तेल-तूप आधी कमी करतात, प्रथिने तशीच ठेवतात. दीड-दोन वर्षांनंतर धावपळ मंदावते, आणि नसबंदीनंतर ऊर्जेची गरज आणखी घटते. तेव्हा ताटलीतले प्रमाण वजनाच्या नोंदीप्रमाणे पुन्हा ठरवावे लागते.