शब्द पुन्हा दिला, पण तोच का?

सरकारी कागदांत ‘रिइटरेट’ म्हणजे पुनरुच्चार करणे. आधीचाच शब्द पुन्हा देतो आहोत, एवढाच त्याचा दावा. विदर्भाला दिलेल्या शब्दाबाबत हा दावा कितपत खरा, हे मजकूर शेजारी शेजारी ठेवूनच तपासावं लागतं.

पहिला कागद 28 सप्टेंबर 1953चा नागपूर करार. महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य यांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष, सरकारचा ठरावीक काळ नागपुरात मुक्काम आणि तिथे वर्षाला किमान एक अधिवेशन, असं त्यात आहे. सह्या करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण होते.

1 नोव्हेंबर 1956ला नागपूरचं राजधानीपण गेलं. सगळा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 (2) आला. त्याला सर्रास कराराचा पुनरुच्चार समजलं जातं. मजकूर वाचल्यावर तसं म्हणवत नाही. लोकसंख्येचं प्रमाण गेलं आणि ‘न्याय्य’ वाटप आलं, तेही साऱ्या राज्याच्या गरजांना अधीन राहून. विकास मंडळं नव्याने आली खरी, पण राष्ट्रपती तसा आदेश काढू शकतील, एवढंच; काढलाच पाहिजे असं नाही. अधिवेशनाचा तर उल्लेखही नाही. जे मोजून मागता आलं असतं तेच गळलं. पुढे अनुशेषावरून जी भांडणं झाली त्यांचं मूळ मला इथे दिसतं.

10 ऑगस्ट 1960ला मुख्यमंत्री म्हणून चव्हाणांनी विधानसभेत निवेदन केलं आणि विदर्भाला दिलेली आश्वासनं पाळण्याची ग्वाही दिली. करारावर स्वतः सही केलेला माणूस बोलत होता, म्हणून याला खरा पुनरुच्चार म्हणायला हवं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन पुढे रुळलं.

निधीचं मात्र तसं झालं नाही. वि. म. दांडेकर समितीने 1984मध्ये राज्यातला अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के. त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळं आली 1994मध्ये, अनुच्छेदानंतर 38 वर्षांनी. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020ला संपली. 2020 आणि 2021ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली. सप्टेंबर 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापण्याची शिफारस करायचं ठरवलं.