हौसेच्या शेतीसाठी परवडणाऱ्या जागेचा शोध : सातबाऱ्यातील इतिहासाचे एक वाचन

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला आणि मावळ, मुळशी, कर्जत, खालापूर या तालुक्यांतील जमिनीकडे शहरी मध्यमवर्गाचे लक्ष नव्याने वळले. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबागही मुंबईच्या अधिक जवळ आले. निवृत्तीला आलेला बँक कर्मचारी, शाळेतील शिक्षक, संगणक क्षेत्रात नोकरी करणारे तरुण दांपत्य अशांना हवे असते ते फार मोठे नसते. दहा-वीस गुंठे जमीन, चार आंब्याची झाडे, थोडा भाजीपाला, एक विहीर किंवा बोअर आणि दोन खोल्यांचे घर. अशा जागेच्या शोधात अनेक रविवार खर्ची पडतात आणि शोध बहुधा एका कागदापाशी येऊन अडतो. तो कागद म्हणजे गाव नमुना सात-बारा.

या अडचणीकडे सामान्यतः सरकारी दिरंगाई म्हणून किंवा मध्यस्थांची लबाडी म्हणून पाहिले जाते. दोन्ही गोष्टी अस्तित्वात आहेत, यात शंका नाही. परंतु लहान आणि स्वस्त शेतजागा न मिळण्याचे मूळ कारण ऐतिहासिक आहे. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात जमिनीविषयी जे संघर्ष झाले, त्यांचे निवाडे सातबाऱ्यावर नोंदींच्या रूपाने शिल्लक आहेत. बाजारात जी जागा स्वस्त म्हणून दाखवली जाते, तिचा स्वस्तपणा म्हणजे बहुतेक वेळा अशाच एखाद्या नोंदीमुळे कमी झालेली किंमत असते. प्रस्तुत निबंधात या नोंदींचा कालक्रम तपासला आहे.

तुकड्याची भीती

पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार उद्धृत झाला. कृषी संचालक जी. एफ. कीटिंग यांनीही याच सुमारास दख्खनमधील तुकडेकरणाविषयी चिंता व्यक्त केली होती. शेतीच्या दारिद्र्याचे कारण शेताच्या लहानपणात आहे, ही समजूत येथून प्रशासनात रुजली.

या समजुतीला सर्वांत मूलगामी आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मधील भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयीच्या निबंधात घेतला. शेत केवळ आकारावरून किफायतशीर वा अकिफायतशीर ठरत नाही. त्यावर किती भांडवल व किती श्रम लागतात, त्या प्रमाणावर ते ठरते. खरा प्रश्न जमिनीवर पडलेल्या जादा श्रमिकांच्या भाराचा आहे आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हा आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२७ मध्ये लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, तेव्हाही त्यांनी विरोध केला. शेत मोठे करण्याच्या नादात लहान शेतकरी भूमिहीन होईल, हे त्यांचे भय होते. त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग त्यांनी सुचवला. ते विधेयक विरोधामुळे बारगळले.

वीस वर्षांनी मात्र तोच विचार कायदा होऊन आला. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबतच्या १९४७ च्या अधिनियमाने प्रत्येक स्थानिक क्षेत्रासाठी जिरायत, बागायत, वरकस अशा जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली. त्याहून लहान जमीन म्हणजे 'तुकडा'. असा तुकडा लगतच्या खातेदाराशिवाय इतरांस विकता येणार नाही आणि नवा तुकडा निर्माण होईल अशी वाटणीही करता येणार नाही, असे बंधन आले. एकत्रीकरण योजना राबवली गेली त्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा ग्राहक ज्या गट नंबरावरून जागा शोधतो, तो त्या योजनेचाच अवशेष होय.

कायद्याने शेतीचे तुकडीकरण थांबले काय? कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते आणि २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले. वारसाहक्क कोणत्याही अधिनियमापेक्षा बलवान ठरला. फरक एवढाच पडला की, जमीन प्रत्यक्षात बांधाबांधाने वाटली गेली, कागदावर मात्र एकाच उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे सामाईक राहिली. कोकणात तर यांपैकी निम्मी नावे मुंबईतील चाकरमान्यांची असतात आणि त्यांतील काही जण हयातही नसतात. अशी जागा घ्यायची तर प्रत्येक सहहिस्सेदाराची संमती गोळा करावी लागते. ती गोळा करण्याचे कष्ट ज्याला नकोत, तो हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा कमी दरात देऊ करतो. 'निम्म्या भावातली जागा' या जाहिरातीचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो.

'शेतकरी' हा दर्जा

१९४७ च्या कायद्याने जमिनीला माप लावले, तर १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने माणसाला माप लावले. कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या नावे शेतजमिनीचे हस्तांतरण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वैध ठरत नाही. या नियमाला भंग झाल्यास कलम ८४-क खाली चौकशी होऊन जमीन शासनाकडे जाऊ शकते. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू झाला, म्हणून एकाच राज्यात तीन कूळकायदे नांदतात.

या कलमामागची प्रेरणा समजून घेण्यासाठी अलिबागपासून जवळच असलेल्या चरी या गावाकडे जावे लागते. तेथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घकाळ शेती न करण्याचा संप केला. खोत आणि सावकार यांच्याविरुद्ध उभा राहिलेला हा लढा कुळांच्या हक्काला कायदेशीर रूप मिळण्यास कारणीभूत ठरला. १९३९ च्या कूळकायद्याने संरक्षित कूळ ही संकल्पना आणली, १९४८ च्या कायद्याने तिचा विस्तार केला आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. एवढ्या संघर्षाने कसणाऱ्याच्या हाती आलेली जमीन पुन्हा पैसेवाल्याच्या हाती जाऊ नये, म्हणून कलम ६३ होते. हा हेतू निःसंशय न्याय्य होता. त्याच अलिबाग तालुक्यात आज शनिवार-रविवारच्या घरांसाठी जमिनीचे सर्वाधिक सौदे होतात, हा केवळ योगायोग मानून पुढे जाता येत नाही.

अडचण हेतूत नव्हती, व्याख्येत होती. जातीने जमीन कसणारा तो शेतकरी, असे कायदा म्हणतो. परंतु 'जातीने कसणे' यात स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकरवी कसणे हेही येते. परिणामी वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असलेला मुंबईतील वकील व्यवहारात शेतकरी ठरतो आणि त्याच गावात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबणारा मजूर ठरत नाही. शेतमजुरास किंवा कारागिरास राहते घर अथवा घराची जागा घेण्यास कलम ६३ मध्ये सूट आहे. शेत घ्यायचे तर त्यालाही जिल्हाधिकाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. ज्या समाजांच्या पूर्वजांना जमीनच मिळू दिली गेली नाही, त्यांच्या शिकल्यासवरल्या मुलांना शहरात नोकरी लागल्यावर गावाकडे दहा गुंठे घ्यावेसे वाटले, तर त्यांचा मार्ग हा कायदा अडवतो. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी रचलेली व्याख्या अशा रीतीने जन्मसिद्ध दर्जासारखी झाली. १९९४ मध्ये कलम ६३-१अ समाविष्ट करून खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी बिगरशेतकऱ्यालाही ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगीशिवाय जमीन घेण्याची मुभा दिली गेली. उद्योगासाठी हेक्टरांचे दार उघडले. गुंठ्यांचे मात्र बंदच राहिले.

'इतर हक्क' या रकान्यातील साले

सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना ग्राहक शेवटी वाचतो. वास्तविक तो प्रथम वाचावा. तेथे कलम ४३ च्या बंधनाची नोंद असल्यास ती जमीन कुळाने कृषक दिनाच्या तरतुदींखाली घेतलेली असते आणि तिच्या विक्रीवर निर्बंध असतो. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झालेल्या जमिनीसाठी आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून ही परवानगीची अट शिथिल झाली. तरीही नोंद कमी करून घेतलेली नसते म्हणून भाव पडतो.

भोगवटादार वर्ग २ असा शेरा असल्यास जमीन शासनाने शर्तीवर दिलेली असते. यात महार वतनाच्या जमिनींचा इतिहास सर्वांत वेदनादायक आहे. वतनाच्या नावाखाली होणारी वेठ संपवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच विधेयक मांडले होते. वतने प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली आणि जमिनी नव्या शर्तीने मूळ वतनदारांना परत देण्यात आल्या. त्यांच्या हस्तांतरणास पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. ही अट दुर्बल धारकाच्या संरक्षणासाठी होती. परंतु गरजू धारकाकडून साठेखत व कुलमुखत्यारपत्र करून अत्यल्प रकमेत ताबा घेण्याची पद्धत शहरांभोवती रूढ झाली. आदिवासींच्या जमिनीबाबत १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत आलेले कलम ३६-अ याहून कठोर आहे. शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय ती जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही. कर्जत, पनवेल किंवा मुरबाडकडे डोंगराच्या कुशीतील 'स्वस्त' जमीन दाखवली जाते, तेव्हा तिचा मूळ धारक ठाकूर किंवा कातकरी आहे काय, हा पहिला प्रश्न असायला हवा. येथे ग्राहकाची बचत ही दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक असू शकते.

रस्त्याचा प्रश्नही असाच. तुकड्यातुकड्यांनी वाटलेल्या गटात आतल्या जमिनीला गाडीवाट नसते, म्हणून ती रस्त्यालगतच्या जमिनीहून स्वस्त असते. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. ती बैलगाडीच्या आणि नांगराच्या काळातील शेतकऱ्यासाठी कल्पिलेली आहे.

घर किती गुंठ्यांवर?

हौसेच्या शेतीत शेतीपेक्षा घराची ओढ अधिक असते आणि नेमके तेथेच दोन कायद्यांचे माप जुळत नाही. २०२३ मध्ये शासनाने अकोला व रायगड वगळता राज्यातील अन्य जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे निश्चित केले. म्हणजे पात्र शेतकऱ्यास दहा गुंठे बागायत रीतसर घेता येते. परंतु महसूल संहितेच्या कलम ४१ नुसार मोठ्या शहरांच्या परिसरात ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे ४० गुंठ्यांपेक्षा, कमी क्षेत्रावर शेतघर बांधता येत नाही. दहा ते चाळीस गुंठ्यांच्या दरम्यान जमीन आहे, घर नाही. मध्यमवर्गाला परवडणारे क्षेत्र हेच आहे.

ही पोकळी बाजाराने आपल्या पद्धतीने भरली. एक एकर दहा जणांनी मिळून सामाईक खरेदी करायचे, मोजणी न करता दगड रोवून प्रत्येकी चार गुंठे वाटून घ्यायचे आणि पत्र्याची शेड घालायची. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून अशा तुकड्यांच्या दस्तनोंदणीस मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये ते रद्द ठरवले. या काळात अडकलेली कुटुंबे थोडी नव्हती. दुसरा, सुरक्षित मार्ग म्हणजे मंजूर रेखांकनातील अकृषिक भूखंड. तेथे शेतकरी असण्याची अट नाही, घरही बांधता येते. फक्त त्याचा दर चौरस फुटात सांगितला जातो, गुंठ्यात नव्हे. ज्या भूमीवर आंबा, चिकू लावायचा ती कायद्याच्या भाषेत 'अकृषिक' असावी, ही विसंगती कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेजारच्या राज्यांनी परस्परविरुद्ध दिशा धरल्या. कर्नाटकाने २०२० मध्ये १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातील कलम ७९-अ व ७९-ब वगळून बिगरशेतकऱ्यांना जमीन खरेदी खुली केली. गोव्याने उलट २०२३ मध्ये भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून नवा कायदा केला. दोन्हींपैकी कोणता निर्णय योग्य, हे ठरवण्यास अजून पुरेसा काळ लोटलेला नाही. परंतु दोन्ही राज्यांनी प्रश्न निदान समोर घेतला. महाराष्ट्राने मूळ व्याख्येला हात न लावता दुरुस्त्यांचा मार्ग धरला. झालेले बेकायदा तुकडे शुल्क आकारून नियमित करण्याची सोय २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत होती, पुढे हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणण्यात आले. २०२५ मध्ये तुकडेबंदीत देण्यात आलेली मोठी शिथिलताही नागरी आणि नियोजनबद्ध बिगरशेती क्षेत्रांपुरती आहे. डॉ. मान यांचे पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि बहुमजली इमारतींनी भरलेले आहे. तेथे तुकड्याचा प्रश्न उरलेला नाही. तेथील सदनिकांतून निघून लोक ज्या गावांत चार झाडांची जागा शोधत फिरतात, तेथे मात्र १९४७ चे माप आणि १९४८ ची व्याख्या आजही लागू आहे.